लेकरासारखा विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

सप्रेम सलाम.

तुम्ही जे लिहिलंय त्याचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे मला बरोबर समजलंय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमचे वडील लिव्हरच्या कॅन्सरनं गेले. आजारपणात तुमची सहा वर्षांची मुलगी रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. ते गेल्यावरही तिची प्रार्थना थांबली नाही. आता ती देवाला सांगते की आजोबांना तिकडे साखर घालून चहा दे, इथे डायबेटिसमुळे मिळत नव्हता. प्रार्थना बंद पडलीय ती तुमची. उपासनेला जाता, गीतं म्हणता, पण डोळे मिटले की आत काहीच नाही. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "लेकरासारखा विश्वास ठेव, प्रश्न विचारू नकोस." तुम्हाला विचारायचंय की हे जमवायचं कसं, का ही निव्वळ स्वतःची फसवणूक आहे. शिवाय मुलीनं "देवानं ऐकलं का नाही" असं विचारलं तर काय सांगायचं, आणि तिला संडे स्कूलला पाठवत राहायचं की थोडे दिवस थांबवायचं.

मी आधी नगर जिल्ह्यात आणि मग पुण्यात, आमच्या मंडळीत बरीच वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचं संडे स्कूल, घेतली. पोटापाण्यासाठी प्राथमिक शाळेत शिकवत होते, त्यामुळे आठवड्याचे सगळेच दिवस पोरांत गेले. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मुलांमध्ये जे पाहिलं आणि त्यांच्यामुळे शास्त्रात जे नव्यानं दिसलं, तेवढंच सांगते.

तुम्हाला वाटतंय की मुलीकडे काहीतरी आहे जे तुमच्याकडून हरवलं, आणि ते परत मिळवायचं तर प्रश्न सोडून द्यायला हवेत. गंमत बघा, तुमची मुलगी प्रश्न सोडतच नाहीये. सहा वर्षांचं मूल दिवसभर दुसरं करतं काय? जी गोष्ट ती करत नाही, ती तिच्यासारखं होण्यासाठी तुम्ही का करायची? त्या वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण "लेकरासारखा विश्वास" हे शब्द आपल्याकडे फार वेळा मोठ्यांना गप्प बसवायला वापरतात. येशूनं ते ज्या प्रसंगी उच्चारले, तिथे बोलणी खाल्ली होती ती गप्प बसवणाऱ्यांनी.

पुढचं सांगण्याआधी, काही गोष्टी तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मेलेलं माणूस परत येत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात या वयात हळूहळू उमगत जातं. तुमची मुलगी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. तिच्या आजच्या शांतपणात विश्वास किती आणि अजून न कळणं किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. सहा महिन्यांनी ती अचानक हंबरडा फोडेल, तेव्हा "हिचाही विश्वास गेला" असं समजू नका. तिला कळायला लागलं, एवढंच. आजार घरात उघडपणे बोलला गेला की लपवला गेला, तिनं आजोबांचं शेवटचं दर्शन घेतलं की नाही, यानंही फरक पडतो. ती आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, तुम्हाला क्षणभर सोडत नसेल, तर बालसमुपदेशकाकडे न्या. प्रार्थना आणि समुपदेशक या दोन्ही गोष्टी एका घरात नांदू शकतात. तुमच्या बाबतीतही, आत काही नाही ही अवस्था फक्त प्रार्थनेपुरती आहे की जेवणखाण, काम, झोप सगळ्यातच आहे, हे बघा. सगळ्यात असेल तर हा विश्वासाचा प्रश्न म्हणून धरून बसू नका, डॉक्टरांशी बोला.

आता ते वचन: जो कोणी बालकासारखं देवाचं राज्य स्वीकारत नाही, तो त्यात जाणारच नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, लोक लेकरं घेऊन येशूकडे येतात, शिष्य त्यांना दटावतात आणि येशू शिष्यांवर चिडतो. लूक सांगतो की त्यात तान्ही बाळंही होती. तान्ह्या बाळाकडे कसला आलाय विश्वास? त्याला ना मोशे माहीत ना दहा आज्ञा. ती लेकरं आपल्या पायांनी, आपल्या श्रद्धेनं आलीच नव्हती, कुणीतरी उचलून आणली होती. दाखवायला हातात काही नाही, बोलायला तोंडात काही नाही. येशूनं त्यांना कडेवर घेतलं, हात ठेवला, आशीर्वाद दिला. त्यामुळे मुलांच्या मनात एखादी खास, मोठ्यांपेक्षा भक्कम श्रद्धा असते आणि येशू तिचं कौतुक करतोय, हे मला कधी पटलं नाही.

त्या काळातलं मूल म्हणजे आजच्यासारखा घरचा राजा नव्हे. इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेलं इ.स.पूर्व १ मधलं एक पत्र सापडलंय. हिलारियोन नावाचा माणूस कामासाठी अलेक्झांड्रियाला गेलाय आणि गरोदर बायकोला, आलिसला, लिहितोय. काळजी करू नकोस, पैसे मिळाले की पाठवतो, तुला मी विसरेन कसा, असं सगळं मायेनं लिहितो. आणि त्याच दमात सांगतो की मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. यहुदी लोक असं बाळ टाकणं पाप मानत, हे खरं. पण तिथेही मुलाला मान, मत, हक्क असं काही नव्हतं. कफर्णहूमच्या घरात "आपल्यात मोठा कोण" यावर शिष्यांची जुंपलेली असताना येशूनं मधोमध एक मूल आणून उभं केलं, ते या अर्थानं. ज्याची कुठेच गणती नाही ते.

मार्कचा दहावा अध्याय एका बैठकीत वाचा. आपण त्याचे तुकडे करून वाचतो, एक तुकडा बालदिनाला, एक दानाच्या रविवारी, आणि मग सगळी गंमत जाते. लेकरांचा प्रसंग संपतो आणि लगेच एक श्रीमंत माणूस धावत येतो. सार्वकालिक जीवनासाठी काय करू, विचारतो. आज्ञा? त्या तरुणपणापासून पाळल्यात. येशूला त्याच्याबद्दल प्रेम वाटतं, असं मार्क मुद्दाम नोंदवतो. पण त्याच्या दोन्ही हातांत इतकं काही आहे की तो खिन्न होऊन परत जातो. पुढे याकोब आणि योहान हे दोन शिष्य येतात. येशू त्यांना विचारतो, "मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे?" त्यांना हवी असते उजव्या-डाव्या बाजूची खुर्ची. आणि अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय बसलेला असतो. येशूचं नाव ऐकून तो ओरडायला लागतो, लोक त्याला दटावतात, अगदी शिष्यांनी लेकरं आणणाऱ्यांना दटावलं होतं तसंच. तो आणखी मोठ्यानं ओरडतो. जत्रेत आईचा हात सुटलेलं पोर जसं कोण काय म्हणेल याची पर्वा न करता ओरडतं, तसा. येशू त्यालाही तोच प्रश्न विचारतो, जवळजवळ शब्द न् शब्द तोच. तो म्हणतो, मला दिसू दे.

माझ्या मते त्या अध्यायातलं सर्वांत मोठं लेकरू म्हणजे हा दाढीवाला भिकारी. त्याला जे हवंय ते त्यानं मागितलं, लाज न बाळगता, गर्दीत, मोठ्यानं. आणि त्याला गप्प राहायला सांगणारी माणसं येशूच्याच मागून चालत होती.

मुलं निष्पाप असतात, हे नाताळच्या भाषणात म्हणायला ठीक आहे. वर्गात बसून म्हणून दाखवा. आमच्याकडे लुटारूंनी मारून टाकलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पोरं करून दाखवायची. प्रत्येकाला लुटारू व्हायचं असतं. याजकाला दाढी मिळते म्हणून तो दुसऱ्या नंबरवर. शोमरोनी व्हायला कुणी तयार नाही. एकदा ज्याला मी जबरदस्तीनं शोमरोनी केलं, त्यानं उतारशाळेच्या मालकाला द्यायच्या पुठ्ठ्याच्या दोन दिनारांपैकी एकच दिला आणि दुसरा सरळ खिशात टाकला. जखमी होऊन पडलेला पोरगा एक डोळा उघडून म्हणाला, "लवकर उचला ना, फरशी गार आहे." ही आपली निष्पाप लेकरं. चिडवतात, चोरतात, दुबळ्याला खेळायला घेत नाहीत. तेव्हा तुम्ही त्यांच्यासारखं "शुद्ध" वगैरे व्हायच्या नादी लागू नका.

मुलांकडून मी शिकले ते प्रार्थनेच्या वेळी. वर्गात प्रार्थनेचे विषय विचारले की कुणी म्हणतं, आमच्या कोंबडीची पिल्लं मांजरानं खाऊ नयेत. पुढचं पोर त्याच आवाजात म्हणतं, पप्पांची दारू सुटू दे. लहान-मोठं असा भेद नाही, कुठल्या गोष्टीला देव वेळ देईल याचा हिशोब नाही. एक मुलगी होती, आईच्या नोकरीसाठी प्रार्थना करायची. एका रविवारी डोळे घट्ट मिटून म्हणाली, "देवा, मागच्या वेळी पण सांगितलं होतं." आवाजात चक्क तक्रार. बाकीची पोरं हसली नाहीत, त्यांना त्यात वावगं काही वाटलंच नाही.

मोठ्यांच्या प्रार्थनासभेत बसा. "हे स्वर्गीय पित्या, तुझी इच्छा असेल तर, तुझ्या योजनेत असेल तर, तुला योग्य वाटेल तेव्हा..." मागणं काय होतं ते ऐकणाऱ्यालाही विसरायला होतं. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत येशूच म्हणाला, मान्य. पण त्याआधी त्यानं मागितलं. हा प्याला माझ्यापासून टळू दे, असं स्पष्ट मागितलं, आणि लूक म्हणतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. आपण पहिलं वाक्य गाळतो आणि थेट दुसऱ्यावर उडी मारतो. मागितलंच नाही तर "नाही" ऐकायची पाळी येत नाही. याला आपण नम्रता म्हणतो. मला ती बऱ्याचदा भीती वाटते.

तुमची प्रार्थना बंद पडण्यामागे हे असू शकेल का, तेवढं तपासून बघा. वडील आजारी असताना तुम्ही जीव तोडून मागितलं होतं का, की सगळी मंडळी मागत होती आणि तुम्ही "आमेन" म्हणत होतात? दोन्ही चालतं. मात्र मागून मिळालं नसेल तर आत रिकामपण नसतं, राग असतो, आणि चर्चच्या बाकावर बसून देवावर रागवायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. तुमच्या मुलीला ते शिकवावं लागत नाही.

आता प्रश्नांबद्दल. अब्राहामानं देवाच्या आज्ञेवरून मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेल्याची गोष्ट मोठ्यांच्या पवित्र शास्त्र अभ्यासात कितीदा ऐकली असेल, आज्ञापालनावर तास तास चर्चा. वर्गात एका आठ वर्षांच्या पोरानं विचारलं, "इसहाकच्या आईला विचारलं होतं का?" मी उत्पत्तीचा बाविसावा अध्याय पुन्हा उघडला. सारेचं नावही नाही त्यात. आणि तेविसावा अध्याय सुरू होतो तो सारेच्या मरणानं. त्या पोराच्या प्रश्नामुळे मला ती गोष्ट पहिल्यांदा एका घरात घडलेली दिसली. त्यानं विश्वास सोडला म्हणून विचारलं नव्हतं. गोष्ट खरी मानली होती म्हणूनच त्याला आईची काळजी पडली. ज्यांना ती नुसती बोधकथा वाटते, त्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

शास्त्रालाच मुलांच्या प्रश्नांचं वावडं नाही. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाचा, विधी सांगताना गृहीतच धरलंय की मुलं विचारतील, "हे सगळं कशासाठी?", आणि मग त्यांना सांगायचं. आजही यहुदी घरात वल्हांडणाच्या रात्री सगळ्यात धाकट्यानं प्रश्न विचारायची रीत आहे. स्वतः येशू बारा वर्षांचा असताना आईबापांना सापडला तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. आणि आपल्या मराठी माणसांचंच बघायचं तर रेव्हरंड ना. वा. टिळक. सगळा महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतो. रेल्वेत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, तो वाचत, मनाशी वाद घालत ते १८९५ मध्ये बाप्तिस्म्यापर्यंत आले. लक्ष्मीबाईंनी पुढे आणखी पाच वर्षं घेतली. नवऱ्यानं केलं म्हणून आपणही करायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. या दोघांना कुणी "प्रश्न विचारू नका" म्हटलं असतं तर काय ऐकून घ्यावं लागलं असतं, याची कल्पना करा.

प्रेषित पौल तर सरळच सांगतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात: बुद्धीनं बाळ राहू नका; दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बाळं व्हा, पण समजुतीनं प्रौढ व्हा. त्या वडीलधाऱ्यांना हे वचन दाखवायची गरज नाही, उगाच वाद होईल. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

इथे एक जरा अवघड गोष्ट सांगते. मुलांचा भरवसा हा त्यांचा जन्मजात गुण आहे, असं आपण धरून चालतो. माझ्या वर्गात एक मुलगा प्रभूची प्रार्थना म्हणायचा तेव्हा पहिली ओळ गाळायचा. "आमच्या स्वर्गातील पित्या" आलं की ओठ बंद. पुढचं सगळं पाठ. घरी बाप पट्ट्यानं मारायचा. त्याला कुणी "लेकरासारखा विश्वास ठेव" म्हटलं असतं तर त्या वाक्याला काय अर्थ उरला असता? मी त्याला ती ओळ म्हणायला कधी लावली नाही. मेंढपाळाचं स्तोत्र, तेविसावं, ते त्याला आवडायचं. त्याच्या गावी मेंढरं होती.

मूल भरवसा ठेवतं कारण त्याला कुणीतरी सांभाळलेलं असतं. तुमची मुलगी आजोबांच्या चहाची काळजी देवावर सोपवते, कारण आजवर तिनं जे जे मागितलं त्यावर तिला कुणीतरी "हो गं" किंवा "नाही गं, पण का ते सांगतो" असं उत्तर दिलंय. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही, तिची आई आणि तुमचे वडील. तिच्याकडे आहे ते तुमच्याकडून हरवलेलं नाही, ते तुमच्याकडूनच तिच्याकडे गेलंय. म्हणूनच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात "बालकांसारखे व्हा" याच्या पाठोपाठ येशू जात्याच्या तळीची धमकी देतो: या लहानांतल्या एकालाही जो अडखळवील त्याच्या गळ्यात तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं. गोड चित्रांच्या कॅलेंडरवर हे वचन छापलेलं मी तरी पाहिलं नाही.

इथवरचं थोडक्यात: लेकरू होणं म्हणजे रिकाम्या हातानं यायला न लाजणं, हवं ते नाव घेऊन मागणं, नाही मिळालं तर तोंडावर तक्रार करणं आणि तरी त्याच दारात उभं राहणं. यात डोकं बंद करणं कुठेही येत नाही.

फसवणुकीचं विचारलंत. जिला ख्रिस्ती जग "बालपणाचा मार्ग" दाखवणारी म्हणतं, ती म्हणजे फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा. मी प्रॉटेस्टंट आहे, संतांची आम्हाला फारशी सवय नाही, पण हिच्याबद्दल आमच्या शेजारच्या कॅथलिक बाईंमुळे वाचलं. १५ व्या वर्षी मठात गेली, १८९७ मध्ये २४ व्या वर्षी क्षयानं गेली, आणि १९९७ मध्ये कॅथलिक चर्चनं तिला आचार्यपद, म्हणजे चर्चची गुरू असा मान, दिला. देवापुढे लहान मूल होऊन राहायचं, आईबापानं उचलून घ्यावं तसं त्यानं उचलावं, ही तिची सगळी शिकवण. तिच्या आयुष्याचं शेवटचं दीड वर्ष दाट अंधारात गेलं, स्वर्ग आहे की नाही याच शंकेनं तिला घेरलं होतं, हे तिनंच लिहून ठेवलंय. ती शंका तिनं लपवली नाही, आणि तिनं प्रार्थनाही सोडली नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा आत एक असतं आणि आपण बाहेर दुसरं म्हणतो. तुम्ही सध्या बाकावर बसून जी गीतं म्हणताय, त्यातली काही कदाचित त्या जातीची असतील. मुलीच्या चहाच्या प्रार्थनेत ती भेसळ नाही.

तुमच्यासाठी मार्कचाच नववा अध्याय सुचवते, शिष्यांचं भांडण आणि मधोमध उभं केलेलं मूल येतं त्याच्या थोडं आधीचा भाग. तिथे एक बाप आहे, आजारी मुलाला घेऊन आलेला. तो म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. एकाच वाक्यात दोन्ही. येशू त्याला "आधी ठरव" म्हणत नाही, मुलाला बरं करतो. तुमच्या बाबतीत तसं झालं नाही, तुमचे वडील बरे झाले नाहीत. ते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे लगेच तयार असतं त्यांच्यापासून मी चार हात लांब राहते.

मुलीला काय सांगायचं? "आपण मागितलं होतं. आजोबा बरे झाले नाहीत. का ते मला माहीत नाही, मलाही खूप वाईट वाटतं. आजोबा देवाजवळ आहेत असा माझा विश्वास आहे." एवढं पुरे. तुमचा तो विश्वास सध्या डळमळत असेल तर "आजोबांचा स्वतःचा तसा विश्वास होता" असं सांगा, ते खरं असेल. काही वाक्यं मात्र टाळा, ती भेटायला येणारे नातेवाईक हमखास म्हणतात. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे ऐकून एक मुलगी आमच्या वर्गात मुद्दाम त्रास द्यायला लागली होती. चांगली राहिली तर देव उचलून नेईल, हा तिचा सरळ हिशोब. "आजोबा झोपलेत" म्हटलं की काही मुलं झोपायलाच घाबरतात. आणि "तुझी प्रार्थना कमी पडली", "विश्वास कमी पडला" असं कुणी बोलताना ऐकू आलं तर तिथल्या तिथे थांबवा, मग ते पाहुणे कितीही मोठे असोत.

तुमच्या स्वतःच्या प्रार्थनेसाठी उपाय साधा आहे आणि थोडा अवघडल्यासारखं करणारा. रात्री ती प्रार्थना करते तेव्हा शेजारी बसता ना? तिची झाली की तुमचं एक वाक्य मोठ्यानं बोला. सुंदर नको. "देवा, मला बाबांची आठवण येते." दुसऱ्या दिवशी "देवा, मला राग आलाय" आलं तरी चालेल. ती दचकणार नाही. पप्पा पण देवाशी असं बोलतात, हे तिला कळेल, आणि मोठी झाल्यावर तिच्या प्रार्थनेत कोरड पडेल तेव्हा तिला ते उपयोगी पडेल. एखाद दिवशी काहीच सुचलं नाही तर तिच्याच चहावर "आमेन" म्हणा. ईस्टरला कबरस्तानात फुलं घेऊन जाणार असाल तर तिला न्या, आधी सांगून, आणि तिनं तिथे खेळायला सुरुवात केली तर रागावू नका. मुलं शोक असाच करतात, मध्ये मध्ये खेळत.

चहाच्या प्रार्थनेवरून आणखी एक. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर आपल्या मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत, आणि कुणीतरी तुम्हाला सांगेल की हे शिक्षणात बसत नाही, तिला थांबवा. सहा वर्षांच्या मुलीचं शिक्षण सुधारायला पुढे वर्षं पडलीत. आत्ता थांबवू नका.

संडे स्कूलला पाठवा. पण आधी तिच्या टीचरला फोन करून घरात काय झालंय ते सांगा आणि पुढच्या काही आठवड्यांचे पाठ विचारून घ्या. मेलेल्या लाजराला येशू उठवतो तो पाठ असेल तर ती विचारणारच, "मग माझे आजोबा का नाही?" टीचर त्यावर "पुढचं वचन म्हणू या" म्हणणाऱ्यातल्या असतील तर त्या रविवारी सरळ घरी ठेवा आणि योहानाचा अकरावा अध्याय तुम्हीच वाचून दाखवा. त्यात मार्था येशूला पहिलंच वाक्य ऐकवते ते तक्रारीचं: प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. नंतर मरिया तेच म्हणते. आणि येशू रडतो. तिथे थांबून मुलीला काय वाटतं ते विचारा, मग लाजराला बाहेर काढा. टीचर ऐकून घेणाऱ्या असतील तर त्यांच्याकडेच राहू दे. माझ्या अनुभवात घरी जे बोलत नाहीत ते मुलं बऱ्याचदा वर्गात चित्राला रंग देताना बोलतात, आणि टीचरनं ते तुम्हाला कळवावं असं आधीच ठरवून ठेवा.